जामीन मंजूर, पण जामीनदार नाही (सातारा-सांगली)

संगममाहुली | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी सातारची. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, त्यातली तीन वर्षं विधी स्वयंसेवक म्हणून काम करते. दर पंधरा दिवसांनी आमच्या भागातल्या एका कारागृहाच्या महिला बरॅकमध्ये जाते. कोणाला वकील नाही, कोणाची तारीख कधी आहे, कोणाच्या घरी फोन करायचाय, हे वहीत उतरवते आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात नेऊन देते. कारागृह कुठलं, कोर्ट कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही.

आज लिहायचं कारण एक बाई. बीडकडची, वय तिशीच्या आत, सोबत तीन वर्षांची मुलगी. नवरा ऊसतोडीच्या मजुरांची टोळी आणणारा छोटा मुकादम. त्याने इकडच्या एका ट्रॅक्टरवाल्याकडून टोळी आणतो म्हणून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतली, नोटरीपुढे करार केला आणि करारावर बायकोचाही अंगठा घेतला. टोळी आली नाही. फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. नवरा कुठे आहे कोणालाच माहीत नाही, ही माहेरी सापडली. हिला आणली.

चोविसाव्या दिवशी हिचा जामीन झाला. पंचवीस हजारांचा, एक सक्षम जामीनदार. ही गोष्ट सप्टेंबरातली. मी परवा गेले तेव्हा त्या आदेशाला ८३ दिवस झाले होते आणि बाई आतच होती. मी म्हटलं, "अगं, तुझा जामीन झालाय की." ती म्हणाली, "व्हय, वकील म्हनले हुते. पर सोडत्यात कुटं?" तिला वाटत होतं जामीन होणं आणि सुटणं या दोन वेगळ्या शिक्षा आहेत, एक संपली की दुसरी.

मुलीचं सांगते. संध्याकाळी गिनती असते, बायका दोन-दोनच्या रांगेत बसतात. कोणी न सांगता ही पोर आईशेजारी उकिडवी बसते, हात गुडघ्यांवर ठेवते आणि मॅडम पुढे जाईपर्यंत हलत नाही. नोकरीच्या सगळ्या वर्षांत इतकं शिस्तीत बसणारं तीन वर्षांचं मूल मी पाहिलं नाही. मला ते बघवलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. फुकट वकील मिळतो हे आता बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. पण आमच्या बायका अडकतात त्याच्या पुढच्या पायरीवर, सातबारा घेऊन कोर्टात उभं राहणारं माणूस नसतं म्हणून. या बरॅकमध्ये अशा आणखी दोघी आहेत. इथे वकील असतील, सातबारावाले असतील, नुसतं समजून घ्यायचं असेल तेही असतील. बोलूया.

कृष्णाकाठची_रेवा | रविवार, रात्री ९:४८

ताई, वाचून पोटात कालवलं. अडाणी प्रश्न विचारते, रागावू नका. फुकट वकिलाला उत्पन्नाचा दाखला लागतो ना? आमच्या कामवाल्या मावशींना तहसीलला तीन हेलपाटे पडले होते दाखल्यासाठी.

संगममाहुली | रविवार, रात्री १०:०५

रागावायचं काय त्यात, मलाही आधी तसंच वाटायचं. बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ बघा. स्त्री, मूल, अनुसूचित जाती-जमातीचं माणूस, अपंग आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती, यांना उत्पन्न न बघता वकील. आतली बाई दोन्हीत बसते, बाई म्हणूनही आणि कोठडीत आहे म्हणूनही. साध्या कागदावर अर्ज चालतो, १५१०० वर फोन केला तरी चालतो. मावशींचं दिवाणी काम होतं का? तरीसुद्धा दाखला लागायला नको होता.

ॲड_सदरबझार | रविवार, रात्री ११:३०

ताईंनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी फौजदारी बाजूला पंधरा वर्षं आहे, त्यातली काही विधी सेवेच्या पॅनलवर, म्हणजे त्यांनी नेमलेल्या वकिलांच्या यादीवर काढली. जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट माहितीने माणसं उगाच घाबरतात.

पहिली गोष्ट, वकील मागावा लागत नाही. १९८१ च्या खत्री खटल्यात (भागलपूरच्या कैद्यांचे डोळे फोडले होते, तेच प्रकरण) सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आरोपीला पहिल्यांदा समोर आणल्याबरोबर मॅजिस्ट्रेटने त्याला सांगायचं, तुला सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९८६ च्या सुक दास निकालात त्याही पुढे गेले. आरोपीने मागितला नाही म्हणून दिला नाही, हे चालणार नाही. आता जिल्ह्याच्या ठिकाणी आरोपींना फुकट वकील देणारी लोकअभिरक्षक कार्यालयं आहेत. तिथले वकील पूर्णवेळ हेच काम करतात, खासगी प्रॅक्टिस करत नाहीत. पॅनलपेक्षा फरक पडतो, कारण फाईल एकाच कार्यालयात राहते.

दुसरी गोष्ट, या बाईची. ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने जामिनाबद्दल स्पष्ट निर्देश दिलेत. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने कारागृह अधीक्षकांकडे जायचा. सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट आपणहून अट सैल करायची का ते बघू शकतं. आणि बाहेर गेल्यावर जामीनदार देतो असं कैदी म्हणाला तर ठरावीक मुदतीचा तात्पुरता जामीनही देता येतो. म्हणजे ८३ दिवस ही बाई आत राहायलाच नको होती. कुठेतरी कागद अडकलाय. आदेशातलं नाव आणि कारागृहाच्या रजिस्टरमधलं नाव एकच आहे का, ते आधी बघा. बायकांच्या बाबतीत माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, नवऱ्याचं नाव मधे आहे की नाही, यावर मी महिने गेलेले पाहिलेत.

तिसरी गोष्ट, मोती राम खटला, १९७८. मध्य प्रदेशातला गवंडी. दहा हजारांचा जामीन मागितला आणि त्याच्या भावाची हमी नाकारली, का, तर भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते मोडून काढलं. गरीब माणसाला जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच लेखी हमीवर सोडता येतं, आणि जामीनदार परजिल्ह्यातला आहे म्हणून नाकारायचा नाही. बीडचा सातबारा साताऱ्यात चालत नाही असं कोणी खिडकीवर सांगत असेल तर हा निकाल दाखवा.

येलूरचा_शेतकरी | सोमवार, सकाळी ६:२०

मी वाळवा तालुक्यातला. सगळं वाचलं. राग मानू नका पण आमची बाजू बी कुणीतरी ऐकावी. माझा सोताचा ट्रॅक्टर हाय. दोन वर्सामागं मुकादमाला नऊ लाख उचल दिली, बँकेचं कर्ज काढून. टोळी आली न्हाई. फोन बंद. त्याच्या गावाला तीन येळा जाऊन आलो, डिझेलचं पैसं वेगळं. पोरीचं लगीन पुढं ढकललं. करारावर बायकोचा अंगठा आमी घेतो कारण नवरा पळाला तर निदान घर सापडतं. त्या बाईला पैसं मिळालं नसतील बी, पण माझं कुटं मिळालं? सगळे वकील तिकडं, मग आमाला कोण?

संगममाहुली | सोमवार, सकाळी ८:१५

दादा, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. नऊ लाख म्हणजे घर मोडायची वेळ. तुमचं दुःख खरं आहे आणि ते मी लहान समजत नाही. फक्त एक विचारते. ती ८३ दिवस आत बसली, त्यातून त्या ट्रॅक्टरवाल्या भावाला एक रुपया तरी परत मिळाला का? ती बाहेर असती तर नवऱ्याचा ठावठिकाणा लागायची शक्यता जास्त होती. ती तीन वर्षांची पोर तर कोणाच्याच करारात नव्हती.

ॲड_सदरबझार | सोमवार, सकाळी ९:०२

दादा, जामीन म्हणजे खटला संपला असं नाही. खटला चालतो, तिला तारखांना यावं लागतं, गुन्हा शाबीत झाला तर शिक्षा होते. पैशासाठी वेगळा दिवाणी दावा लावावा लागतो, त्याला मुदत तीन वर्षांची असते. दोन वर्षं झाली म्हणता, तर आता थांबू नका. करार आणि बँकेचे उतारे घेऊन कोणत्याही दिवाणी वकिलाला भेटा. आणि उत्पन्न मर्यादेत बसत असेल किंवा घरातल्या बाईच्या नावावर व्यवहार असेल तर विधी सेवेचा वकील तुम्हालाही मिळू शकतो. ते कार्यालय फक्त आरोपींचं नाही.

येलूरचा_शेतकरी | सोमवार, सकाळी ९:३०

तीन वर्साचं मला म्हाईत नव्हतं. बघतो. त्या पोरीचं वाचून वाईट वाटलं, माझी नात तेवढीच हाय.

मिरजेची_सिस्टर | सोमवार, दुपारी २:४०

धागा कालपासून वाचतेय. अंगठ्यावरून आठवलं म्हणून लिहिते. एबोलाच्या साथीनंतर मी सिएरा लिओनमध्ये, फ्रीटाऊनला, दीड वर्ष नर्स म्हणून होते. फार गरीब देश. आमच्या दवाखान्याजवळच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या बायका माल उधारीवर उचलायच्या. पावसात माल नासला, उधारी थकली की घेणेकरी सरळ पोलीस चौकीत. तिथे ब्रिटिशांनी १९१६ साली केलेला चोरीचा कायदा अजून होता, उधारी थकली की त्याखाली फसवणूक म्हणून बाईला आत टाकायचे. पोर पाठीला बांधलेलं असायचं, तसंच कोठडीत.

तिथे ॲडव्होकएड नावाची संस्था २००६ पासून फक्त अटकेतल्या बायकांसाठी काम करते. वकील थोडेच, पण त्यांनी गावातल्या शिकलेल्या बायकांना कायद्याचं प्रशिक्षण देऊन चौकीत आणि तुरुंगात बसवलं. आपल्या संगममाहुलीताई करतात तसंच काम. त्यांच्या एका अशिलाची गोष्ट तिथे सगळ्यांना ठाऊक होती. फाशीची शिक्षा झालेली, लिहिता-वाचता न येणारी बाई. वाचता न येणाऱ्या कबुलीजबाबावर तिचा अंगठा घेतला होता. कित्येक वर्षं आत काढल्यावर, संस्थेने अपील लढवून, २०११ मध्ये ती सुटली. पुढे २०२१ ला त्या देशाने फाशीच रद्द केली.

मला तेव्हा वाटायचं, हे तिकडचं आहे, आपल्याकडे असं नाही. ताई, तुमची पहिली पोस्ट वाचली आणि ते वाटणं गेलं.

कृष्णाकाठची_रेवा | सोमवार, दुपारी ३:१५

सिस्टर, पण आपल्याकडे कर्ज थकलं म्हणून अटक होत नाही ना? आमच्या गल्लीत मायक्रोफायनान्सचा वसुलीवाला रोज बायकांना "पोलिसात देईन, आत टाकीन" म्हणतो. दोघी तर घर सोडून माहेरी गेल्या.

ॲड_सदरबझार | सोमवार, सायंकाळी ५:५०

नुसता हप्ता थकणं हा गुन्हा नाही. तो दिवाणी मामला आहे, वसुलीवाल्याला अटकेची धमकी द्यायचा कसलाही अधिकार नाही. त्या दोघींना घरी यायला सांगा. भीती वेगळ्याच ठिकाणी आहे, सहीच्या कोऱ्या चेकमध्ये. चेक वटला नाही की कलम १३८ चा खटला होतो, त्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. खरं तर तो जामीनपात्र गुन्हा. पण समन्स जुन्या पत्त्यावर जातं, बाई तारखेला जात नाही, मग अजामीनपात्र वॉरंट निघतं आणि एक दिवस पोलीस दारात. म्हणून गल्लीतल्या बायकांना एवढं सांगा. कोरा चेक देऊ नका. कोर्टाचा कागद आला की भांड्याखाली ठेवू नका, त्याच आठवड्यात विधी सेवा कार्यालयात न्या.

अटकेबद्दलही सांगून ठेवतो. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी कारण देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची. आधी हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये आहे.

हळदपेठ | सोमवार, रात्री ८:२०

सांगलीहून. मी शिकवण्या घेते, काही मुलं देहविक्रय करणाऱ्या बायकांची आहेत. ताई, तुम्ही कारागृहाचं लिहिलंत, पण अडकून पडणं तेवढंच नसतं. एका मुलाची आई धाडीत सापडली. तिच्यावर गुन्हा नाही, ती "पीडित", आणि पीडित म्हणून सुधारगृहात. कायद्याने एक ते तीन वर्षं ठेवता येतं म्हणे. आरोपीला निदान जामीन मागता येतो, हिने काय मागायचं? मुलगा सातवीत होता. वर्गात बसायचा, पण पाटी कोरी.

शेवटी इथल्या बायकांच्या संघटनेने वकील दिला. त्या वकीलबाईंनी मुंबई हायकोर्टाचा सप्टेंबर २०२० चा निकाल पुढे केला. सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध असं डांबून ठेवता येत नाही, देहविक्रय हा स्वतःहून गुन्हा नाही, असं त्यात म्हटलंय आणि मुंबईच्या प्रकरणात तिघींना सोडलंय. पाच महिन्यांनी आई आली. मी विचारलं, आत काय शिकवलं? म्हणाली, मेणबत्त्या.

संगममाहुली | मंगळवार, सकाळी ७:४०

बाई, हे मला नव्याने कळलं. वहीत एक पान सुधारगृहासाठी काढते. तिथे आत जायची परवानगी कशी घेतात ते सचिवांना विचारेन.

आणि वकीलसाहेब, तुमचा अंदाज खरा निघाला. काल आदेशाची प्रत मिळवली. कारागृहाच्या वॉरंटवर तिचं सासरचं आडनाव, आदेशात माहेरचं, आणि वयात सहा वर्षांचा फरक. सात दिवसांनंतरची यादी गेली होती, पण त्यात हिचं नाव नव्हतं, कारण रजिस्टरप्रमाणे हिला जामीनच झाला नव्हता. आधीचे पॅनलवरचे वकील बदलून गेले, नव्यांना फाईल मिळाली नाही. कोणी वाईट हेतूने केलं असं नाही. ज्याने त्याने आपल्यापुढचा कागद बघितला, इतकंच.

ॲड_सदरबझार | मंगळवार, सकाळी १०:१०

नावाच्या दुरुस्तीचा आणि अट शिथिल करण्याचा अर्ज एकत्रच द्या. लोकअभिरक्षक कार्यालयात मी फोन केलाय, उद्याच दाखल करतात. मुलगी सोबत आहे हे पहिल्या परिच्छेदात यायला हवं. बाईमाणसाला जामिनात सवलत देता येते ती फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यातसुद्धा, हा तर फसवणुकीचा आहे.

बाकी दोघींचा जामीन रोखीने भरण्यासारखा असेल तर केंद्राची २०२३ ची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे. २०२३ मध्ये मर्यादा कच्च्या कैद्याला जामिनासाठी ४० हजारांपर्यंत, शिक्षा झालेल्याला दंडासाठी २५ हजारांपर्यंत होती. जिल्ह्याच्या समितीपुढे प्रकरण जातं. अंमली पदार्थांसारखे काही गुन्हे त्यातून वगळलेत.

रहिमतपूरकर | मंगळवार, दुपारी १२:३०

मला जामीनदार व्हायची इच्छा आहे. कोरेगाव तालुक्यात तीन एकर आहे. पण घरचे घाबरतात. ती बाई पळाली तर जमीन जाते का?

ॲड_सदरबझार | मंगळवार, दुपारी १:४५

लगेच जमीन जात नाही. तुम्ही लिहून दिलेल्या रकमेपुरती जबाबदारी, म्हणजे पंचवीस हजार तर पंचवीस हजार. ती तारखेला आली नाही तर कोर्ट तुम्हाला नोटीस काढतं, तुमचं म्हणणं ऐकतं, मग रक्कम भरायला सांगतं. काही वेळा त्यातही सूट मिळते. भरली नाही तर ती तुमच्या मालमत्तेतून वसूल करता येते, आणि तशीही वसूल झाली नाही तरच सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. ती ऐकत नाही असं दिसलं तर कोर्टात जाऊन हमीतून मोकळं होता येतं. मात्र आजवर किती जणांना जामीन राहिलात ते प्रतिज्ञापत्रात खरं लिहायचं. आणि कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणारी माणसं भेटतील, त्यांच्या नादाला कोणी लागू नका. खोटे सातबारे निघाले की बाई पुन्हा आत जाते.

माझा सल्ला, न भेटता कोणाला जामीन राहू नका. आधी ताईंबरोबर तिच्या माणसांना भेटा, फोन नंबर घ्या, पुढच्या तारखा लिहून घ्या.

मिरजेची_सिस्टर | मंगळवार, रात्री ९:००

मुलीचं लसीकरण झालंय का? सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आईजवळ ठेवता येतं, त्यांच्या आहाराची, दवाखान्याची आणि खेळायच्या जागेची जबाबदारी कारागृहाची, असं २००६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगतो. कार्ड नसेल तर मी आरोग्य केंद्रातल्या मैत्रिणीशी बोलते.

संगममाहुली | पुढचा शुक्रवार, रात्री ८:३०

आज बाई सुटली. कोर्टाने नाव दुरुस्त केलं, जातमुचलक्यावर सोडलं आणि सहा आठवड्यांत जामीनदार द्यायला सांगितलं. भाऊ बीडहून एसटीने आला होता. निकाल तीन वाजता झाला, आदेश पोचून दरवाजा उघडेपर्यंत पावणेसात वाजले.

आम्ही स्टँडवर फलाटाच्या कठड्याला बसलो. अंधार पडला तशी पोर आईच्या मांडीवरून उतरली आणि फरशीवर उकिडवी बसली, हात गुडघ्यांवर. आईने तिला उचललं, "आता न्हाई गं, आता न्हाई" म्हणाली. भावाला काही कळलं नाही. तो भेळ आणायला गेला होता.

भावाची दोन एकर आहे, तो जामीन राहायला तयार आहे. येलूरच्या दादांनी इथे लिहिलेलं मी तिला सांगितलं. नवऱ्याचा फोन आला तर कळवीन म्हणाली. लसीचं कार्ड नव्हतं सिस्टर, गावच्या आशाताईंचा नंबर भावाकडून घेतलाय, तुम्हाला पाठवते.

राहिल्या दोघी. एक माण तालुक्यातली, पारधी समाजाची. तिच्याकडे आधार कार्डसुद्धा नाही. दुसरी कर्नाटकातून वीटभट्टीवर आलेली, तिच्याशी कन्नडमध्ये बोलणारं कोणी हवंय. गुरुवारी अकरा वाजता कोर्टात जाणार आहे.

हळदपेठ | शुक्रवार, रात्री ९:०५

माझं माहेर जतजवळ सीमेवरचं, कन्नड घरातच बोलायचो. गुरुवारी पहिल्या एसटीने निघते.

रहिमतपूरकर | शुक्रवार, रात्री ९:२०

मीही येतो. बायको सोबत येतेय, तिलाच आधी भेटायचंय त्यांना. ऑनलाइन काढलेला डिजिटल सहीचा सातबारा चालेल ना, की तलाठ्याचा आणू?

ॲड_सदरबझार | शुक्रवार, रात्री ९:५५

डिजिटल सहीचा चालतो. ताज्या तारखेचा काढा. आधार कार्डाची मूळ प्रत आणि पासपोर्ट आकाराचे दोन फोटो आणा. साडेदहाला गेटजवळ भेटू.